चौथा अर्थ

घाटात बंद पडलेल्या ट्रकने निम्मा रस्ता अडवला होता. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून एसटी काढायची होती आणि उजव्या हाताला सरळ दरी होती. स्टेअरिंगवर कुंदा गावित. या रुटवर तिचा पहिलाच दिवस.

कंडक्टर पाडवी खाली उतरून गाडीसमोर उभे राहिले. "मी राइट म्हणणार आणि बाई उजवीकडे वळवणार," असं म्हणून त्यांनी सकाळी अख्खा डेपो हसवला होता. आता मात्र चाक आणि कडा यांच्यातली वीत न वीत ते डोळ्यांनी मोजत होते. शेवटी त्यांनी हात उंचावला.

"राइट," ते ओरडले.

"उजवीकडे घ्या, ताई," पहिल्या सीटवरचे इंग्रजीचे रिटायर्ड गुरुजी घाईघाईने म्हणाले. "राइट म्हणजे उजवीकडे."

कुंदाने स्टेअरिंग तसूभरही हलवलं नाही. अलगद क्लच सोडत तिने गाडी सरळ पुढे काढली. मागची चाकं ट्रकच्या पलीकडे गेली, तेव्हा कुठे गुरुजींनी डोळे उघडले.

"राइटचे अर्थ तीन," ते घाम पुसत म्हणाले. "उजवा, बरोबर आणि हक्क. तुम्ही कुठला धरलात?"

"चौथा, सर. एसटीतला. रस्ता मोकळा आहे, जाऊ द्या."

पाडवी गाडीत चढले, दार लावून घेतलं. घंटीची दोरी त्यांनी हातात धरली, पण ओढली नाही.

"चला, ड्रायव्हरसाहेब," ते म्हणाले. "राइट."