चौथ्या ओळीपाशी

"हा नको," बाबा म्हणाले. "याच्या वरच्या तारा उतरल्यात. दाताखाली खडा आल्यासारखं होतंय."

लेकीने फोनवर पियानोचा दुसरा तुकडा लावला.

"हाही नको. पेडल कुरकुरतंय."

"बाबा, अभ्यास मी करणार, ऐकणार मी. तुम्हाला कुणी पियानो दुरुस्तीला बोलावलेलं नाही!"

पण ते तरी काय करणार? लोकांचे पियानो सुरात लावून देणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. धंद्यातले लोक त्यांना कानसेन म्हणत, आणि त्या नावाने त्यांची छाती इंचभर फुगायची. दिवसभर दुसऱ्यांच्या तारा पिळायच्या आणि घरी आलं की कानाला आराम द्यायचा. दारं हळू लावायची, टीव्ही बारीक ठेवायचा, घरात पियानो आणायचा नाही. नियम लग्नाच्या वर्षीच ठरले होते. बायकोची माहेरची स्वरलिपीची पुस्तकं, तिचा भोंग्यासारखा वाजणारा जुना रेडिओ, सगळं तेव्हाच रद्दीत गेलं. कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

आता लेक करत होती. औषधांचं दुकान चालवायच्या परवान्याची परीक्षा ती दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची. ती हुकली की चार वर्षांचं शिक्षण पाण्यात. दोन्ही वेळा पेपर हातात आला आणि डोकं कोरं झालं होतं. शांत पियानो ऐकत अभ्यास केला की मन थाऱ्यावर राहतं, असं तिचं म्हणणं.

"आणि तो नसेल तर मी परीक्षेलाच बसत नाही," ती म्हणाली. "मग बसा आपले कान सांभाळत."

"अगं, सांग की हिला काहीतरी!" बाबा बायकोकडे वळले.

आई शर्टांचा ढीग उपसत होती. "काय सांगू? बरोबर बोलतेय ती. संध्याकाळी मी बसत जाईन तिच्यापाशी. इस्त्रीही होईल आणि लक्षही राहील."

बाबांनी जरा विचार केला. "ठीक आहे. पण निकालापर्यंतच हं. निकाल लागला की बंद."

"बघू," लेक म्हणाली.

त्याच आठवड्यात घरी एक लांबलचक खोकं आलं. इस्त्रीचं नवं टेबल, आई म्हणाली. जुन्याला काय धाड भरली होती, असं बाबा पुटपुटले, पण तोवर खोकं लेकीच्या खोलीत गेलंही होतं. लेकीची शोधाशोध मात्र चालूच राहिली. रोज जेवताना नवा तुकडा लागायचा आणि रोज बाबा त्यात खोट काढायचे.

मग एका संध्याकाळी खोलीचं दार आतून बंद झालं आणि पियानो सुरू झाला. बाबांनी कान टवकारले. सूर चोख होते, पण लाकडाची ऊब नाही. म्हणजे विजेवरचा पियानो. तेवढं चाललं असतं हो, पण वाजवणारा! तीन ओळी कशाबशा पार पडल्या आणि चौथीत गाडी अडकली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चौथीत अडकली.

"हा कुठला धोंडा शोधलास?" बाबा दारापाशी जाऊन ओरडले. "चुकतोय!"

"चुकू दे!" आतून लेक म्हणाली. "चुकलं तरी सोडून दिलेलं नाही ना? मला त्यानेच धीर येतो."

"असली रेकॉर्डिंगं लोक ठेवतात तरी कशाला?"

उत्तरादाखल चौथी ओळच पुन्हा आली, आधीपेक्षा मोठ्याने.

दीड महिना हेच चाललं. नवं टेबल येऊनही बाबांचे शर्ट कधी नव्हे इतके चुरगळलेले असायचे. "कानसेन, हल्ली शर्ट घालूनच झोपता का?" एका गिऱ्हाइकाने विचारलं. बाबा तणतणत घरी आले.

"मला वेळ नाही," बायको शांतपणे म्हणाली. "जुनं टेबल स्वयंपाकघरात आहे. बघा करून."

असं ती कधी बोलली नव्हती. लेकीच्या परीक्षेची धास्ती घेतलीय बिचारीने, असं समजून बाबांनी जन्मात पहिल्यांदा इस्त्री केली आणि एक बाही जाळली.

आणि खोटं कशाला बोलायचं, त्या धोंड्याची त्यांनाही सवय झाली होती. एका संध्याकाळी चौथी ओळ न अडखळता पार पडली, तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास रे पठ्ठ्या!" नंतरचं रेकॉर्डिंग असणार, त्यांनी मनाशी ठरवलं. आत कुणीतरी खुदकन हसलं.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी सकाळपासून लेक बाहेरच्या खोलीत फोन मुठीत धरून येरझाऱ्या घालत होती. बाबा पंख्याकडे बघत बसले होते. आतल्या बंद दारामागे पियानो चालूच होता.

अकराला लेक किंचाळली. "पास! बाबा, पास!"

बाबांना उठताना खुर्ची लोटल्याचंही भान राहिलं नाही. त्यांनी तिला जवळ घेतलं, डोळे पुसले, नाक पुसलं. "जिंकलीस गं माझी बाई! आईला सांग." मग त्यांना अट आठवली. "आणि आता आधी ते बंद कर. निकालापर्यंतचं ठरलं होतं."

"मी नाही बंद करणार." लेकीने फोन टेबलावर ठेवला. "हिंमत असेल तर तुम्हीच करा."

बाबा तरातरा गेले आणि त्यांनी दार ढकललं. नव्या टेबलावर इस्त्री नव्हती, काळ्यापांढऱ्या पट्ट्या होत्या, आणि त्यांच्यावर बोटं फिरवत पाठमोरी बसलेली त्यांची बायको मागे वळूनही न बघता म्हणाली, "थांबा जरा. चौथी ओळ चाललीय."