चार मागे, एक पुढे

छकुलीने मागे जायचा गियर टाकला, क्लच हळूच सोडला, आणि गाडी पुढे गेली. समोरच्या टेबलावर धाडकन आदळली. पान्यांचा डबा खणखणत खाली पडला.

“वा!” गॅरेजच्या दारात हाताची घडी घालून उभा असलेला दादा म्हणाला. “मागे जा म्हटलं की पुढे. अगदी मालकिणीवर गेली आहे.”

छकुली ही दादाची बहीण. लिफ्ट दुरुस्तीचं काम करते. पन्नाशीला टेकली, तरी दादाच्या तोंडी छकुलीच. गाडी त्यांच्या वडिलांची; दोनच माणसं मावतील अशी जुनी, बुटकी स्पोर्ट्स कार. जाण्याआधी वडिलांनी किल्ली हिच्या हातात दिली होती. इंजिन तर पार कामातून गेलेलं. छकुलीने ते उपसून काढलं आणि मोडीत निघालेल्या दुसऱ्याच गाडीचं दणकट इंजिन आणून बसवलं. सगळे रविवार त्यात गेले. दादाला मात्र गॅरेज रिकामं हवं होतं, भाड्याने द्यायला. म्हणून त्याने अट घातली. आज गाडीने स्वतःच्या बळावर चौकापर्यंत जाऊन परत यायचं. आली तर गाडीही तुझी आणि गॅरेजही तुझं. नाही आली तर भंगारात. आणि भंगारवाल्याला आधीच बोलावून मग अट सांगितली, एवढा बहिणीवर भरवसा! टेम्पो बाहेर कडेला उभाच होता.

छकुलीने पहिला गियर टाकून बघितला. गाडी वीतभर मागे सरकली. दुसरा टाकला. पुन्हा मागेच. आणलेलं इंजिन जुन्याच्या उलट्या दिशेने फिरणारं होतं. असं इंजिन बसवलं की मागच्या चाकांमधलं मोठं दातेरी चाक पलटवून बसवावं लागतं. तिला हे पक्कं ठाऊक होतं, आणि नेमकं तेच करायचं राहिलं होतं. आता चारही गियर मागे जायचे, आणि मागचा एकटा काय तो पुढे.

“दोन रविवार दे, दादा. सगळं खोलून नीट बसवते.”

“आज म्हणजे आज. चार मागे, एक पुढे! अगं, बाहेर कुणाला सांगू नकोस, लोक हसतील.” दादा भंगारवाल्याकडे वळला. “आणा हो तुमची साखळी.”

छकुलीला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी तरळलं. दादाचं हे आजचं नव्हतं. शिकायचंय म्हणाली तेव्हा अट, नोकरी धरली तेव्हा अट, आणि एक पुरी केली की दुसरी तयार. आज मात्र ती त्याच्यासमोर रडणार नव्हती. बाहीने नाक पुसलं, तर ग्रीस गालभर पसरलं.

“चौकापर्यंतच जायचं ना? जाते.”

“कशी?”

“अशीच. उलटी.”

“डोकं फिरलंय का? आरसे कुठे बसवलेत अजून? मागचं काय दिसणार तुला, कपाळ?”

दादाची बायको तेवढ्यात भंगारवाल्यासाठी चहा घेऊन आली होती. या वहिनीने आजवर त्या घरात पंखासुद्धा विचारल्याशिवाय लावला नव्हता. तिने ट्रे दादाच्या हातात दिला, पदर खोचला आणि सरळ गाडीत जाऊन बसली.

“मागचं मी बघते,” म्हणाली. “चल गं.”

दादा काहीतरी ओरडला, पण हातात कप हिंदकळत होते. गाडी गॅरेजमधून सुटली ती सरळ गल्लीत. घर गल्लीच्या टोकाला, समोर सरळसोट रस्ता. वहिनी मागे वळून, सीटवर गुडघा टेकून ओरडत होती. “डावीकडे घे! कुत्रं, कुत्रं! अगं, तो सायकलवाला!” छकुलीने दुसरा टाकला, मग तिसराही. न्हाव्याच्या दुकानातून अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक बाहेर धावलं. गाडीचे दोन्ही दिवे मात्र गल्लीभर दादाकडेच रोखलेले होते. पळून जाणारं कुणी असं जात नाही. वहिनी तर इतकी हसत होती की तिला धड ‘थांब’ही म्हणता येईना.

चौकात छकुलीने गाडी मागे वळवून कडेला घेतली. आता तोंड चौकापलीकडच्या पुलाकडे होतं. इंजिन झकास चाललं होतं. तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला.

“उलटी चालली ते मी धरणार नाही!” दादाचा आवाज फोनबाहेर येत होता. “सांग तिला! आणि तू आधी घरी ये!”

वहिनीने फोन बंद केला.

“घे, निघाली नवी अट,” छकुली म्हणाली. “मी नाही परत नेत, वहिनी. गॅरेज लखलाभ त्याला. पुलापलीकडे आमच्या लिफ्टवाल्यांची शेड आहे, तिथे लावते गाडी. तुला आधी घरी सोडू का? मागे जायला काय, चार गियर आहेत. पुढचा एकच, त्यावर नुसती रांगत जाईल. पोचेपर्यंत संध्याकाळ होईल.”

वहिनी सीटवर नीट बसली. पट्टा ओढून लावला.

“मागे बघून बघून मान अवघडली गं माझी,” ती म्हणाली. “तो पुढचा टाक.”