नवरीचं माप

“नवरीला सोडून अख्ख्या खानदानाला विचारता तुम्ही. हा अधिकार तुम्हाला दिला कुणी?”

आपाने कात्री टेबलावर आपटली. समोर बसलेल्या मोठ्या मामूंनी शांतपणे चष्मा काढला, पुसला, परत चढवला. त्यांच्या घरात त्यांना असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

“घरात मोठा मी,” ते म्हणाले. “निकाहचं सगळं मीच बघतोय. रंग फिकट हवा. बदामी चालेल, राखाडी चालेल. जरी नको, टिकल्या नकोत. चार लोकांच्या डोळ्यांत भरता कामा नये.”

“राखाडी? माझ्या मशीन पुसायच्या फडक्याचा रंग आहे तो!”

“आमची गोष्ट वेगळी आहे.”

“बावीस वर्षं नवरीचे कपडे शिवतेय मामू. वेगळी नसलेली गोष्ट अजून या दुकानात आलेली नाही.”

दुकान ते केवढं. दोन मशीन, एक टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. बाकावर मामूंच्या शेजारी त्यांची बहीण बसली होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती भावाच्या घरी. भावासमोर तोंडाला कुलूप. गेल्या वर्षी आपाने तिच्या लेकीसाठी शिवलेला कुर्ता आज आईच्या अंगावर होता आणि तिच्यासाठीच शिवल्यासारखा बसला होता.

लेक मात्र उभी होती. वीस-एकवीसची, दवाखान्यात शिकाऊ नर्स, पांढऱ्या कपड्यांतच थेट कामावरून आलेली.

“आपा, लाल काढा,” ती म्हणाली. “चांगला डाळिंबी लाल.”

“तुला कुणी विचारलं?” मामू कडाडले.

“मी नाही बोलले तर कोण बोलणार?”

“लोक आधीच बोलताहेत, तेवढं पुरे आहे.”

आपाचा पारा चढला. लोक बोलताहेत म्हणजे पोरीने स्वतःच जमवलं असणार. मग काय बिघडलं? पळून तर जात नाहीये, चारचौघांत निकाह लावतेय. आणि त्याची शिक्षा म्हणून राखाडी!

“मामू, दोन साक्षीदार नवरीकडे जाऊन विचारतात ना, कबूल आहे का? त्याशिवाय निकाह पुढे सरकतो का? मग ज्या कापडात बसून ती हो म्हणणार, ते तिला विचारून घेतलं तर तुमचं काय झिजतं?”

मामूंचा फोन वाजला. उठता उठता त्यांनी बोट रोखलं. “राखाडी. मी शब्द बदलत नसतो.” आणि ते बाहेर गेले.

आपाला तिचा स्वतःचा पोशाख आठवला. तीन पुरुष आणि एका चुलत सासूने मिळून घेतलेला, खोकल्याच्या औषधाच्या रंगाचा. तिने तो पहिल्यांदा पाहिला तो निकाहच्या सकाळी. नवरा चांगला निघाला, संसार झाला. पण तो रंग आजही डोळ्यांत खुपतो.

तिने स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा लाल तागा ओढला. टेबलावर आधीच चार तागे पसरले होते. फिरोजी ताग्यावर आईचा हात होता. अंगठ्याने ती कापडाची कड मघापासून चाचपत होती.

“जरा हात काढा हो,” म्हणत आपाने फिरोजी बाजूला सारला आणि तिथे लाल पसरला. दुकानात एकदम उजेड पडल्यासारखं झालं.

“हाच!” पोरगी टाळी वाजवून म्हणाली. आपाने टेप तिच्याभोवती टाकला तशी ती दचकली. “अहो आपा, माझं माप कशाला...”

“हात वर कर. बोलू नकोस, बोललं की माप चुकतं.”

पोरगी हसली. तिने आईकडे पाहिलं. आईने फिरोजी ताग्याकडे एकदा नजर टाकली. “घ्या,” ती म्हणाली. त्या दिवशी तिच्या तोंडून आपाने ऐकलेला तो एकच शब्द.

पुढचे अकरा दिवस आपा त्या लालवरच होती. अस्तर दोनदा उसवून परत लावलं. गळ्याची जरी मशीनवर नाही, हाताने टाचली. मामूंचा फोन आला की ती गोड आवाजात सांगायची, “होतोय मामू, तुम्ही म्हणालात तसाच.” फोन ठेवला की मशीनला म्हणायची, “चल गं. बघू आता कोण अडवतो.”

बाराव्या दिवशी मायलेकी आल्या. मामू नव्हते, बरंच झालं. आपाने पोशाख पोरीच्या हातात ठेवला. “जा, घालून ये. मला डोळे भरून बघू दे.”

पोरगी पडद्याआड गेली. मागोमाग आईही. पाठीचे हूक लावायला कुणीतरी हवंच. आतून कापडाची सळसळ येत राहिली. आपाने आरसा पदराने पुसून घेतला. अशी धडधड तिला स्वतःच्या निकाहलाही झाली नव्हती.

पडदा हलला. पोरगी एकटीच बाहेर आली. अंगावर तेच पांढरे कपडे, हात रिकामे.

“अगं, घातला नाहीस?”

पोरीने पडदा पूर्ण सारला.

लाल पोशाखात तिची आई उभी होती. एक टाका कुठे ओढत नव्हता.

“शुक्रवारी निकाह आहे माझा,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण नजर आपावरून हलत नव्हती. “भाईजानना राखाडी हवा होता. हिला लाल हवा होता, तुम्हालाही. मग त्या फिरोजी ताग्यावर हात कुणाचा होता, आपा? तो बाजूला सारताना नवरीला विचारलंत तुम्ही? बोला ना!”