असला काय, नसला काय

“काका, गार असताना गुमान चालणारं इंजिन गरम झाल्यावरच का थरथरतं?” ‘विचारून दाखव’ अशी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने बाबांचा ट्रक तपासणाऱ्या मिस्त्रीला विचारलंच. “ताप चढल्यावर तू नाही थरथरत? जा, अभ्यास कर,” म्हणत तो बाबांकडे वळला. “म्हातारा झालाय ट्रक. विका. माझा मेहुणा घेईल.” आई-बाबांचे चेहरे पडले, घर ट्रकवरच चालायचं. तिने नाक मुरडून पाना उचलला. व्हिडिओत पाहिलं होतं तसं तापलेलं इंजिन चालू ठेवून, त्यात डिझेल फवारणाऱ्या एकेका नॉझलचा नट सैल करून ती पुन्हा आवळत गेली. दरवेळी इंजिन धापा टाकायचं. शेवटच्याला मात्र ढिम्म! “हा असला काय, नसला काय, इंजिनला फरकच नाही. तापला की हाच गळतो.” “मला ठाऊकच होतं,” मिस्त्री पुटपुटला. “आणि मेहुण्यालाही?” ती फणकारली. “आई-बाबा, ट्रक विकायचा नाही. नॉझल बदलायचा आणि मिस्त्रीसुद्धा!”