पांढरी नावं

"मावशी, डोळे काय मिटून घेता? दात उपटत नाहीये मी तुमचा," संगणक खात्यातून आलेली मुलगी हसली आणि तिने घरवाटपाची जुनी यादी नव्या प्रोग्रॅममध्ये उघडायला टाकली.

टायपिस्टबाई हसल्या नाहीत. वरून हुकूमच आला होता. एका कंपनीच्या विकतच्या प्रोग्रॅममधल्या सगळ्या फायली खुल्या साच्यात आणायच्या. कुणीही, कुठल्याही मशीनवर, फुकटात उघडून बघाव्यात अशा. ही यादी बारा वाजता लोकांसाठी खुली होणार होती. साडेअकरा झाले होते.

"अक्षराचाही फरक पडत नाही," मुलगी म्हणाली. "फक्त रंगरंगोटी जाते. सगळी अक्षरं काळी, सगळी एका मापाची."

बाईंनी डोळे उघडले.

साहेब "हे नाव उडवा" म्हणायचे. बाईंनी आजवर एकही उडवलं नव्हतं. साहेबांचं मन पालटलं तर पुन्हा टाइप करायला नको, म्हणून त्या अक्षरं पांढरी करायच्या आणि माप अगदी एकवर आणून ठेवायच्या. कागदावर दोन ओळींत केसाएवढी फट दिसायची, एवढंच.

यादी उघडली. घरं चाळीस, नावं त्रेपन्न.

"अगंबाई, ही तेरा कुठून उगवली?" मुलीने छापील यादीशी ताडून पाहिलं. "आणि तारखा बघा, अर्ज तर यांचेच सगळ्यात जुने!"

साहेब कधी मागे येऊन उभे राहिले, कळलंच नाही. त्यांनी यादी वाचली. पुन्हा वाचली.

"बाई, हे काय?"

"तुम्हीच उडवायला सांगितलेली, साहेब."

"मग उडवली का नाहीत?"

बाईंना घर आठवलं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. नोकरी गेली तर त्याचं औषध कुठून आणायचं?

"आत्ता उडवा. माझ्यासमोर."

"उडवता येतील," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "पण कोणतं नाव कुणी काढलं, किती वाजता काढलं, ते आता यादीखाली आपोआप लिहून येतं. तेही सगळ्यांना दिसतं."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"बसा, बाई. तुमचं नाव टाकून उघडा."

बाई बसल्या. पडद्यावर नावासाठी एक रिकामी चौकट आली. त्यांनी बोटं पुढे नेली आणि मागे घेतली. टेबलाचा आधार घेत त्या उठल्या.

"साहेब, माझ्या हातांना कापरं भरलंय. भलतंच नाव उडायचं. तुम्हीच बसा. तुमचं नाव टाकून."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग बसले. नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं आणि पुसलं. पुन्हा टाइप केलं. पुन्हा पुसलं.