कपाटातल्या बिया

"एकही नाही," शोना म्हणाली.

गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटासमोर ती गुडघ्यांवर बसली होती. हातातली प्लॅस्टिकची पिशवी तिने उजेडाकडे धरली. ओल्या शेवाळात चिली देशातल्या पामच्या बिया होत्या तशाच होत्या. गोटीएवढ्या, तपकिरी, इवल्याशा नारळांसारख्या. कुठे कोंब नाही, मूळ नाही. तिने पिशवी पुन्हा टॉवेलांच्या मागे, टाकीच्या उबेत सारली आणि कपाटाला धरून उठली.

"थंड मुलूख आहे गं," स्वयंपाकघरातून डंकनचा आवाज आला. "वेळ घेतात."

"दोन हिवाळे झाले, बाबा."

"घेतात."

तिने वाद घातला नाही. वाद घालायला लागणारी ताकद ड्युनेडिनहून अडीच तास गाडी चालवत इकडे इन्व्हरकार्गिलला येताना वाटेतच संपायची. दर शनिवारी ती यायची. बाबांचे कपडे धुवायची, आठवड्याचं सूप करून ठेवायची, न्हाणीघराची फरशी घासायची, बाबांबरोबर जेवायची आणि अंधार पडायच्या आत परत निघायची. तिचा नवरा रॉडी गेला, त्या वर्षापासून हे असंच चाललं होतं. पाच दिवस दंतवैद्याच्या दवाखान्यातलं काउंटर, सहाव्या दिवशी बाबा, सातव्या दिवशी नुसती झोप.

डंकन सत्त्याऐंशीचा होता. ह्या थंडीत बियांपासून पाम वाढवण्यात त्याने उभा जन्म घालवला होता. कित्येक रोपं गोठून मेली. जी जगली ती आता परसात छपरापेक्षा उंच झाली होती. त्यांच्याच खाली, एका सकाळी, तो पाय घसरून पडला आणि शेजारच्या हुहानाला दिसेपर्यंत तसाच पडून राहिला. तेव्हा शोनाने चर्चमागच्या वृद्धाश्रमात खोली बघितली. डंकननेही जाऊन बघितली. परत आल्यावर म्हणाला, "शेवटच्या बिया घातल्यात. त्यातली एक उगवू दे. ती लावतो आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरतो. शब्द दिला."

म्हाताऱ्याची एवढी हौस पुरवायला काय हरकत आहे, असं शोनाला वाटलं. एकही बी उगवली नाही. खोली दुसऱ्या कुणाला गेली. आता पुन्हा एक रिकामी झाली होती, आणि आश्रमातल्या बाईंनी सोमवारपर्यंत कळवायला सांगितलं होतं.

ती कपडे वाळत घालायला मागच्या दारी गेली. वारा दक्षिणेचा, बर्फावरून येणारा होता. ओल्या चादरीने बोटं बधिर झाली. तेवढ्यात कुंपणापलीकडून हुहाना ओरडली, "ए शोना! तुझ्या बापाला सांग, आता बस झालं. टोमॅटो काय मी पलंगाखाली लावू?"

"काय बस झालं?"

हुहानाने तोंडावर हात ठेवला. मग सुस्कारा सोडला. "ये, बघच एकदा. मलाही लपवालपवीचा कंटाळा आलाय."

हुहानाच्या काचघरात दुधाची रिकामी खोकी ओळीने मांडली होती. प्रत्येकात एक रोप. काहींना गवताच्या पात्यासारखं एकच पान. काहींची पानं वीतभर झालेली. शोना असल्या रोपांतच लहानाची मोठी झाली होती. तिला त्यांचं वय विचारावं लागलं नाही. सगळ्यात मोठी रोपं पहिल्याच हिवाळ्यात उगवलेली होती.

"कोंब दिसला की कुंपणावरून माझ्या हातात देतो," हुहाना म्हणाली. "आणि पिशवीत लपवून ठेवलेल्यातली दुसरी बी टाकतो. मी म्हटलं, फेकून दे की कचऱ्यात. तर म्हणतो, उगवलेलं फेकवत नाही गं."

शोनाने एक खोकं उचललं. घरात येऊन ते तिने बाबांच्या पुढ्यात टेबलावर आपटलं.

"खोटारडा आहेस तू!" तिचा आवाज चिरकला. "गाडी चालवताना डोळे मिटतात माझे. रस्त्याकडेला थांबून तोंडावर पाणी मारते आणि पुढे निघते. तुला हे घर सोडवत नव्हतं, तर सरळ सांगायचंस ना!"

डंकनने आधी रोप सरळ केलं. सांडलेली माती बोटांनी गोळा करून खोक्यात टाकली. मग अवजड काही खाली ठेवावं तसा तो सावकाश खुर्चीत बसला.

"घर सोडवत नाही असं कोण म्हणालं?" तो म्हणाला. "तिथल्या खोल्या उबदार आहेत. पत्ते खेळायला चार माणसं आहेत. इथं सकाळी मोजे चढवतानाच मी दमून जातो. मी पहिल्याच दिवशी गेलो असतो, पोरी."

"मग का नाही गेलास?"

डंकनने बोटांची माती विजारीला पुसली. शोनाला पहिल्यांदाच दिसलं, की तोही तिच्याइतकाच थकला आहे.

"रॉडीला पोचवून आल्यावर पहिल्या शनिवारी तू इथं आलीस," तो म्हणाला. "कोट हँगरला टांगावा तसा तुझ्या अंगावर लोंबत होता. मी मटणाचे दोन चॉप भाजले. ते संपवून तू म्हणालीस, बाबा, ह्या आठवड्यात आज पहिल्यांदा बसून जेवले. मी तिकडे गेलो असतो, तर तू पुन्हा कधी बसून जेवली असतीस?"