तीनशे छप्पन्न

"तीनशे बत्तीस लिही आणि वही दे," ढोबळे सर म्हणाले. "ध्वनीचा वेग पुस्तकात छापलाय. साऱ्या वर्गाचं तेच उत्तर आलंय."

रोशनीने वही छातीशी धरली. चंद्रपूरच्या एप्रिलात प्रयोगशाळेचे पत्रे तापले होते. नादकाटा वाजवून, नळीतलं पाणी खालीवर करत, आवाज नेमका कुठे घुमतो ते तिने तीनदा मोजलं होतं. बाकीच्यांनी मोजायच्या आधीच उत्तर लिहून टाकलं होतं.

"मी मोजलंय तेच लिहिणार, सर. तीनशे छप्पन्न."

"म्हणजे पुस्तक चुकलं?"

"नाही. पुस्तकातला वेग शून्य अंशाच्या हवेतला आहे. इथे बेचाळीस आहे. तापलेल्या हवेत आवाज जास्त वेगाने जातो."

कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी वही घेऊन तिच्या आकड्यावर लाल काट मारली. "दहापैकी शून्य. अजून वाद घालायचाय?"

तिने वही ओढून घेतली आणि काटेखाली पुन्हा तीनशे छप्पन्न लिहिलं, या वेळी अक्षरांत.

"शून्य राहू द्या, सर. पण एकदा तुम्ही मोजून बघा."

सरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, मग भिंतीवरच्या तापमापीकडे. शेवटी बाह्या वर सारून त्यांनी नादकाटा उचलला. पाणी हळूहळू खाली गेलं, नळी घुमली. त्यांनी फळ्यावर गणित मांडलं. उत्तर आलं तीनशे पंचावन्न.

"सगळ्यांनी वह्या परत घ्या," सर पाठमोरेच म्हणाले. "आणि आता मोजा."